आईची झोप मीच सांगून टाकली

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आईला छान झोप लागते. ते चुकीचं होतं. ती दुपारी झोपते, तेवढंच मी पाहिलं होतं.

आज सकाळी शेजारच्या सिंधूमावशी नेहमीसारख्या विरजण मागायला आल्या. आई कधी कुणाला उलटून न बोलणारी. पण ती फटकन म्हणाली, "रोज काय वाटी घेऊन उभी राहतीस? तुझ्या घरी दही न्हाई का?"

मावशी हसल्या. "भूल अजून उतरली न्हाई व्हय तुझी?" म्हणाल्या, आणि रिकामी वाटी पदराखाली धरून गेल्या.

आई आत जाऊन रडायला लागली. "मला कळतंय गं, मी कशी बोलते ते. पन तोंडातून निघूनच जातं. ऑपरेशनपासून रात्री डोळ्याला डोळा लागत न्हाई."

"मग टाके काढताना डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तूच म्हनालीस, झोप चांगली हाय. चारचौघांत लेकीला खोटं कसं पाडू?"

प्रश्न तिला होता आणि उत्तर मी दिलं होतं. ते आठवून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

हे भुलीमुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही, म्हणून अंदाज लिहीत नाही. तुमच्या घरी ऑपरेशननंतर कुणी असं बदललं होतं का?

विरजण मी मावशींकडे पोचवलंय. आईला परत जामखेडला डॉक्टरांकडे नेणार आहे. या वेळी तीच बोलेल. येत्या गुरुवारी.