कडुनिंबाची रिकामी चौकट

हिम्मतराव बिरादारांनी आयुष्यभर गणित शिकवलं. उदगीरकडच्या शेतकरी घरातून ते शिकायला हैदराबादला आले, विद्यानगरात मित्रांसोबत खोली करून राहिले, दिलसुखनगरच्या क्लासेसमध्ये काही वर्षं शिकवलं आणि शेवटी एका मराठी शाळेत स्थिरावले. शेत सुटलं ते सुटलंच. झाडाझुडपांचं त्यांना कौतुक नव्हतं, तिटकाराही नव्हता. शाळेच्या बागेतून ते रोज जात. पण तिथं काय आहे असं कुणी विचारलं असतं, तर ‘झाडं’ एवढंच त्यांना सांगता आलं असतं.

निवृत्तीच्या वर्षी विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचा वसंताचा उपक्रम मुख्याध्यापिका मालतीबाईंनी हिम्मतरावांच्या गळ्यात घातला. सातवीच्या मुलांनी बागेवर लक्ष ठेवायचं आणि जे झाड फुलेल त्याची चौकट भिंतीवरच्या तक्त्यात रंगवायची. शहरातल्या बऱ्याच शाळा यात होत्या. उगादी, म्हणजे तिकडचा पाडवा, झाला की सगळ्यांचे तक्ते एका सभागृहात लागणार होते आणि एका शाळेला बक्षीस मिळणार होतं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. भामा नावाची मुलगी जास्वंदीची चौकट रंगवायला निघाली, तर विक्रमने तिचा हात धरला.

“सर, जास्वंद तर सालभर फुलते. ही कसली वसंताची?”

हिम्मतरावांनी विचार केला. “जे कधी गेलंच नाही, ते आलं असं कसं म्हणायचं? खोडा ते.”

मग त्यांनी नियमच घालून दिला. फूल झाडावर उमललेलं हवं, खाली पडलेलं चालणार नाही. आणि एकट्याने पाहून भागणार नाही, तिघांनी पाहायला हवं. मुलांना नियम आवडला. रोज मधल्या सुट्टीत डबे अर्धवट टाकून ती बागेत पळत. आंबा मोहरला, काटेसावर लाल झाली, मोगरा उमलला. हिम्मतराव पायरीवर उभे राहून “तिघांनी पाहिलं?” एवढंच विचारत आणि रंगाची पेटी पुढं करत.

कडुनिंब तेवढा राहिला. यंदा उगादी लवकर आली होती, आणि शाळेमागे नवी इमारत उठल्यापासून त्या झाडाला ऊनही कमी मिळे. बाजारात सणाच्या कडू-गोड पच्चडीसाठी निंबाच्या फुलांचे वाटे दिसू लागले, पण शाळेचं झाड नुसतं पालवत होतं.

उगादीच्या आदल्या दिवशी विक्रम ओरडत आला, “सर, वेपपुव्वू! आपल्या निंबाला फूल आलं!”

सगळा वर्ग धावला. खालच्या फांदीवर पांढुरक्या फुलांचा एक झुबका होता. तिघांनी काय, तिसांनी पाहिला. भामाने ब्रशही बुडवला. हिम्मतराव जवळ गेले. झुबका जरा सुकलेला वाटला म्हणून त्यांनी फांदी वाकवली, तर देठाला हिरवा दोरा गुंडाळलेला. त्यांनी गाठ सोडली, झुबका हातात घेतला आणि विक्रमकडे पाहिलं.

“बाजारातून?”

विक्रमची मान खाली गेली. “अम्माने पच्चडीसाठी आणला होता. सगळ्या शाळांचा निंब फुलला, सर. आपण हरलो असतो.”

“कुणाशी?”

 हिम्मतराव रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. “उत्तर ठाऊक आहे म्हणून मधल्या पायऱ्या मनाने लिहायच्या नसतात,” असं ते वर्गात नेहमी म्हणत, त्याच सुरात म्हणाले आणि भामाला ब्रश धुवायला सांगितला.

मालतीबाईंना ते पटलं नाही. “उगादी आली नि निंब फुलला नाही, हे कुणाला खरं वाटेल? लोक हसतील आपल्याला.”

“हसू द्या. नाही फुलला तो.”

तक्ता रिकाम्या चौकटीसह गेला. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळालं. विक्रम बरेच दिवस बागेकडे फिरकला नाही, आणि हिम्मतरावांनीही त्याला बोलावलं नाही.

वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला हिम्मतरावच पर्यवेक्षक होते. मध्येच खिडकीजवळ बसलेला विक्रम ताडकन उभा राहिला. “सर, निंब!”

“खाली बस. पेपर लिही.”

तो बसला, पण मान खिडकीकडेच. घंटा झाल्यावर त्यानेच भामाला आणि आणखी एकाला ओढत नेलं. वरच्या फांद्यांवर, हात पोचणार नाही इतक्या उंच, बारीक फुलं उमलली होती. हिम्मतराव खाली उभे राहून चष्मा वर-खाली करत राहिले. फुलं त्यांना नीट दिसलीच नाहीत. वास मात्र आला.

“तिघांनी पाहिलं?”

“हौ सर,” विक्रम म्हणाला. तक्ता परत आलेला होताच. चौकट त्यानेच रंगवली, थोडी रेघेबाहेर.

त्या संध्याकाळी हिम्मतराव घराच्या फाटकाशी थबकले आणि पत्नीला, त्रिवेणीबाईंना, विचारलं, “हे आपल्या दारातलं झाड कशाचं?”

“करंजाचं. इतकी वर्षं राहतोय, अन् आत्ता विचारताय?”

“फुलतं का?”

“अजून महिनाभर थांबा, सगळं अंगण झाडावं लागतं,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. हिम्मतरावांनी चपला काढल्या आणि आत जाऊन पेपर तपासायला घेतले.