बाहुलीचा नंबर

चष्म्याच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना गल्लीतलं लहानथोर सगळं नंबरकाकाच म्हणायचं. दुकान एवढंसं. पुढे काचेचं कपाट, मध्ये पडदा, पडद्याआड उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा तक्ता. माणूस भेटला की नंबरकाका आधी त्याच्या चष्म्याकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे. काचेवर बोटांचे ठसे दिसले की त्यांचा हात शिवशिवायचा. "आणा इकडे," म्हणत समोरच्याच्या नाकावरून सरळ चष्मा काढून घ्यायचे, खिशातल्या मऊ फडक्याने पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि परत नाकावर ठेवून द्यायचे. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी एका अनोळखी बाईंचा चष्मा असा परस्पर पुसून दिला, तेव्हा घरी आल्यावर बायकोने त्यांची चांगलीच हजेरी घेतली होती.

त्यांना एकच मुलगी, तीही उशिरा झालेली. डोळ्यातल्या बाहुलीवरून त्यांनी तिला लाडाने बाहुली म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं. शाळेत जायला लागली तोवर तिला चष्मा लागला. नंबरकाकांना वाईट वाटलं, पण मनातून थोडा आनंदही झाला. लेक आता दर वर्षी आपल्या खुर्चीत बसणार होती. तिच्या डोळ्यांना त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

बाहुली मोठी झाली आणि दूरच्या शहरातल्या एका वर्तमानपत्रात खेळांचे फोटो काढायला लागली. सुट्टीला यायची तेव्हा कॅमेरा गळ्यातच असायचा. एकदा तिने बापाला व्ह्यूफाइंडर दाखवला. डोळा लावायची काच, तिच्याभोवती रबराची कड, आत नखाएवढा पडदा.

"चष्मा घातला की डोळा नीट टेकत नाही, बाबा. म्हणून मी चष्मा काढते आणि हे चाक फिरवून माझा नंबर यात बसवते."

काचेच्या बाजूला बारीक दातेरी चाक होतं. नंबरकाकांनी डोळा लावला. त्यांना दूरचा नंबर नव्हता, नुसता वाचायचा होता. आत सगळं धुकं दिसलं.

"म्हणजे तू कॅमेऱ्यालाच चष्मा लावलास की गं!" ते खूश होऊन म्हणाले. पुढे कितीतरी दिवस दुकानात येईल त्याला त्यांनी ही गंमत ऐकवली.

मग एका वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं. फोनवर ती म्हणाली, "काही नाही गं आई, अंग मोडून आलंय." आई-बाप गाडीत बसून तिथे पोचले तेव्हा ती बोलायच्या पलीकडे गेली होती. परत येताना दोघांच्या मध्ये तिची रिकामी पिशवी होती, आणि तिच्यावर दोघांनीही हात ठेवला होता.

कॅमेरा मागाहून आला. तिच्या ऑफिसातली मैत्रीण स्वतः घेऊन आली. काय बोलावं ते न सुचून ती बिचारी कॅमेरा कसा सांभाळायचा तेच सांगत राहिली. "डोळा लावायची बाजू उन्हात ठेवू नका, काका. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला पडदा जळतो. आणि पुसायच्या आधी फुंकणीने धूळ उडवा. पाणी, द्रव काही थेट काचेवर टाकू नका." नंबरकाका मान हलवत होते. काच कशी सांभाळायची, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, आणि तिने बोलत राहावं असं त्यांना वाटत होतं.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते घरच्या कपाटातून कॅमेरा काढायचे. बाहेरचं सगळं अंग पुसायचे. पण डोळ्याच्या काचेला फडकं लावायचे नाहीत. रबराच्या कडेवर तिच्या क्रीमचा पांढरा डाग होता आणि काचेवर पापणीचा तेलकट फराटा. मग ते कॅमेरा चालू करून आत बघायचे. तेच धुकं दिसायचं. जगात एकाच डोळ्यासाठी लावलेलं ते धुकं होतं. त्यात थोडा वेळ डोळा ठेवला की त्यांना दिवस काढायचं बळ यायचं. बायकोला यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. दोघं एकमेकांना जेवायला वाढत होती, औषधांची आठवण करत होती, आणि बाहुलीचं नाव कुणीच काढत नव्हतं.

एके सकाळी त्यांनी डोळा लावला, तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर लख्ख दिसलं. त्यांनी डोळा काढला, पुन्हा लावला. तारखासुद्धा वाचता येत होत्या. मग त्यांनी काच उजेडाकडे धरली. ती स्वच्छ होती, फराटा कुठेच नव्हता. रबरावरचा डागही गेला होता.

"अगं, याला हात कुणी लावला?"

बायको स्वयंपाकघरातून आली. "मी लावला. का हो?"

"का? काच पुसलीस? चाक फिरवलंस?"

"पुसली. तो आतला पडदा कधी पेटायचा, कधी नाही. डोळा जवळ आला की पडदा पेटवते ना, काचेशेजारची ती बारीक खिडकी, तिच्यावर चिकट बसलं होतं. आणि सगळं धूसर होतं. चाक सापडलं, ते दिसेपर्यंत फिरवलं."

"किती फिरवलंस? कुठल्या बाजूला?"

"मोजायचं असतं होय ते?"

नंबरकाकांचा आवाज शेजारी ऐकू जाईल एवढा चढला. "तिचा डोळा होता तो! तिची शेवटची एवढीच एक गोष्ट राहिली होती आणि तू ती भांडं घासल्यासारखी घासून टाकलीस!"

बायको दारातच उभी राहिली. रडली नाही. तिने विचारलं, "तुम्ही आत काय बघत होता?"

"काही नाही. धुकं."

"मी तिचे फोटो बघते. त्यातच आहेत, अहो. बाजूचं बटण दाबलं की आतल्या पडद्यावर येतात. तुम्ही दुकानात गेलात की मी रोज डोळा लावायची, पण काल पहिल्यांदा नीट दिसले. धावणाऱ्या मुली आहेत, एक गोलकीपर जांभई देतोय. तिने शेवटचं काय काय बघितलं, ते मला बघायचं होतं. धुक्यातून मला काही कळत नव्हतं हो."

नंबरकाकांनी कॅमेरा उचलला आणि चपला घालून दुकानाकडे निघाले. बायकोने गॅस बंद केला आणि मागोमाग गेली.

पडद्याआड जाऊन त्यांनी भिंगांची पेटी उघडली आणि ट्रायल फ्रेम काढली, नंबर तपासताना नाकावर चढवतात ती भिंगं बदलायची जड फ्रेम. "तिचा नंबर मला पाठ आहे," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "उणे तीन. माझ्या डोळ्यापुढे अधिक तीनचं भिंग घातलं की माझा डोळा तिच्यासारखा होईल. मग मला स्वच्छ दिसेपर्यंत चाक फिरवायचं. जिथे दिसेल, तिथे तिचं चाक होतं."

बायकोला एवढंच कळलं की मोडलेलं काहीतरी जुळवता येणार आहे. ती समोरच्या उंच खुर्चीत बसली.

त्यांनी पेटीतून भिंग उचललं आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं?"

"आजारी पडायच्या आधी फोनवर म्हणाली होती. बाबा, लांबचं जरा पुसट वाटतंय, इथेच एका दुकानात तपासून घेऊ का? मी म्हटलं, खबरदार! तुझे डोळे दुसरं कुणी तपासायचं नाही. घरी येशील तेव्हा मीच बघेन." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नंबर वाढला होता तिचा. तीन राहिला नव्हता. सव्वातीन असेल, साडेतीन असेल. चाक तिने तेवढं पुढे नेलं असणार. मला माहीत नाही गं. तिचा शेवटचा नंबर मला माहीत नाही."

"तीनचंच घाला," बायको हळूच म्हणाली.

त्यांनी घातलं. दुकान विरघळून गेलं. कपाटं, तक्ता, खुर्चीतली बायको, सगळ्याचे नुसते डाग झाले. चष्मा काढल्यावर पोरीला असं दिसायचं. त्यांनी फ्रेम रबराला टेकवली आणि चाक एक एक दाता फिरवायला घेतलं. धुक्यातून आधी खुर्ची वर आली, मग बायकोचे मांडीवर धरलेले हात, मग चेहरा. गालाची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. एकाच घरात राहून हे त्यांना दिसलं नव्हतं.

"दिसतंय का?" तिने विचारलं.

"दिसतंय. पण हे तिचं नाही. माझ्या अंदाजाचं आहे."

त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. फ्रेम नाकावर तशीच होती आणि तिच्या दोन्ही कडांखालून पाणी वाहत होतं. बायको उठली नाही. तिला माहीत होतं, जवळ गेलं तर हा माणूस पुन्हा आवरून घेईल.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. "घे. तुला दिसेल तसं लाव."

"राहू दे की असंच."

"नको. तू फोटो बघ. दुपारी खिडकीत बसतेस, तेव्हा काच उन्हाकडे करू नकोस तेवढं."

तिने डोळा लावून चाक फिरवलं. मागे, पुढे, पुन्हा मागे. "आता नीट लागतच नाही," ती म्हणाली. "काल लागलं होतं."

"तुझाही नंबर वाढला असेल. कित्येक वर्षांत तुझे डोळे तपासलेच नाहीत मी." स्वतःच्या नाकावरची फ्रेम उतरवून त्यांनी आतलं भिंग काढलं, ती पुसली, बायकोला घातली, कानांमागे नीट बसवली आणि तक्त्यामागचा दिवा लावला. "वाच बघू. वरची ओळ."

ती बघत राहिली.

"सगळ्यांत मोठं अक्षर आहे. तेही दिसत नाही?"

"पाणी येतंय हो सारखं."

रडत्या डोळ्याचा नंबर काढता येत नाही. नंबरकाकांनी स्टूल ओढलं आणि खुर्चीला लागून बसले. तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. बाहेर शटर अर्धंच उघडलेलं पाहून एक गिऱ्हाईक वाकून हाका मारत होतं. नंबरकाका जागचे उठले नाहीत.