मामीच्या तळ्यावरचा तवंग

थांबा थांबा, जेवायचं नंतर, हे आधी लिहून टाकते, पोटात राहतच नाहीये!

माझी मामी साजगावला राहते. घरामागे तळं, तळ्याकाठी तिची भाजी. माठ, मुळा, पालक. परवा शिळफाट्याच्या बाजारात एका बाईने घेतलेली जुडी परत ठेवली. "तुमच्या तळ्यात कंपन्यांचं पाणी येतं म्हणे, धातू असतात त्यात." मामी घरी आली ती धुमसतच. मी केमिस्ट्री शिकते, म्हणून लगेच फोन. "ये गं, बघ एकदाचं. माझी भाजी खायची हाय का नाय, सांग."

गेले. डोंगराकडच्या कोपऱ्यात पाणी गंजल्यासारखं तांबूस, वर इंद्रधनुष्यासारखा चकचकीत तवंग.

"बघ कंपनीचं ऑइल!" मामी म्हणाली. "म्हणून तर भाजीला पाणी वढायच्या पंपाचा पाइप उचलून तिकडं रस्त्याकडं टाकला. तिकडं कसं नितळ हाय."

आमच्या सरांनी एक युक्ती सांगितलेली. मी काठी घेतली आणि तवंगात फिरवली.

"काय करतीस गं? माशांना गुदगुल्या?"

आणि तवंग तडकला! भाजलेल्या पापडासारखे तुकडे झाले आणि तसेच तरंगत राहिले. म्हणजे तेल नाहीच, तेल असतं तर लगेच परत जुळलं असतं! डोंगराच्या दगडातलं लोखंड पाण्याबरोबर झिरपतं, वर हवा लागली की गंजतं, आणि त्यावर जगणारे जिवाणू अशी साय धरतात. मी नाचायलाच लागले.

"मंग? आमची भाजी चांगली की नाय!"

तेवढ्यात सहज, अगदी सहज, रस्त्याकडे जाऊन काठी घातली. तिथे नाला येतो, आणि पाइपाजवळच पुसटसा तवंग होता. तुटला. लगेच परत जुळला. हे मात्र तेल.

मामीने पाइपाकडे बोट दाखवलं. "म्हंजे मी पाइप चांगल्यातून काढून घाणीत टाकला?"

"तसं आत्ताच नको म्हणू गं मामी. तेल कुठून आलं, त्यासोबत शिसं, क्रोमियम आलंय का, ते काठीला कळत नाही. तांबड्या पाण्यातसुद्धा काही असू शकतं. दोन्हीकडच्या बाटल्या भरून लॅबला नेते."

मामीने पंप बंद केला. बाजारासाठी बांधलेल्या जुड्या तशाच बाजूला ठेवल्या. "रिपोर्ट येऊ दे. तवर कुणाला द्यायची नाय, आपन पन खायची नाय."

रिपोर्ट अजून आलेला नाही, आणि मी सारखा मोबाइल बघतेय. तुमच्याकडच्या तळ्यावर, विहिरीवर असा तवंग आलाय का कधी? तुटून राहिला, की परत जुळला? सांगा ना!