मारोतरावांचं काळं पोस्टर

नेरच्या बसस्टँडसमोर सकाळी मारोतरावांचं पोस्टर लागलं आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावानं त्यांना मारून टाकलं. आता यात गावाला तरी काय दोष द्यावा!

मारोतराव एसटीतले रिटायर कंडक्टर. तीस वर्षं नेर-यवतमाळ केली आणि जीभ अशी की उभ्यानं प्रवास केलेली माणसंही हसत उतरायची. म्हणून तर गल्लीतल्या सुरभीनं चार वर्षांपूर्वी मोबाइलवर सिनेमा काढला, तेव्हा आधी यांनाच धरलं. तुरीच्या वावरात उडती तबकडी उतरते आणि गावचा कोतवाल परग्रहावरच्या पाहुण्यांना दम भरतो, "वावर कोनाचं हाय? आधी सातबारा दाखवा!" शेवटी पाहुणे कोतवालालाच उचलून नेतात. युट्यूबवर लाखो लोकांनी पाहिला. तेव्हापासून किराणा दुकानात असो की कोणाच्या मयतीत, मारोतरावांना प्रश्न एकच, "काका, वरतं गेल्यावर काय झालं? दुसरा भाग कवा?"

आणि मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, पण तोंड डावीकडं वाकडं राहिलं, शब्द अडकायला लागले. मारोतरावांनी चौकात जाणंच सोडलं. सुरभी दुसऱ्या भागाचं विचारायला आली, तर दोन महिने "विचार करतो" एवढंच सांगत राहिले. मनात मात्र नकार पक्का होता. लोक वाट पाहून राहिले थ्या जुन्या कोतवालाची. हे तोंड पाहून हसतील कशाला, कीवच करतील. पोरीला सांगायचं कसं, तेवढं अडलं होतं. पोरीनं मात्र त्या "विचार करतो"चा अर्थ हो असाच घेतला.

पोस्टर तिनं मोठं झोकात केलं होतं. काळंभोर आकाश, मधोमध मारोतरावांचा जुना हसरा फोटो, डोक्यामागं तबकडीचा पिवळा उजेड. सिनेमाचं नाव नाही, काही नाही, खाली नुसती तारीख. टीझर म्हणतात म्हणे याला! अहो, पण आपल्याकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली पंचवीस शुभेच्छुकांची तोंडं असतात. एकट्या माणसाचा फोटो, तोही काळ्यावर, कशासाठी लागतो हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यातून पोस्टर लागलं दहा तारखेला आणि त्यावर छापलेली बावीस. लोकांनी बोटं मोजली, बरोबर तेरवी!

विजयमालाकाकू बाजारात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. मारोतराव आतल्या खोलीत पडले होते. बाहेर चपला काढल्याचा आवाज आला, मग कोणी हळूच नाक ओढलं.

"माही माय कॅन्सरनं गेली," हा शेजारच्या उकंडाचा आवाज, शेताकडून तसाच आला होता. "शेवटच्या महिन्यात थे हसली कवा, तं काकाचा सिनेमा पाहून. रोज लावून मांगे. मी काकाले हे सांगतलंच नाही कधी."

"मी नर्सिंगले जाऊन राह्यलती तवा," शोभा सिस्टर बोलली, "पास घरी राहिला तं काका म्हनत, 'पास तुह्या तोंडावरच छापला हाय, बस.' एकदाबी खाली नाही उतरवलं. या मानसानं मले नर्स केलं."

मारोतरावांचे डोळे भरून आले. आपण खरंच गेलो की काय, असा क्षणभर त्यांनाही संशय आला.

तेवढ्यात विजयमालाकाकू भाजीची थैली घेऊन दारात. शोभानं त्यांना कवटाळलं. "काकू, धीर धरा!"

"कायले वं?"

"काका गेले ना!"

थैली तिथंच टाकून काकू किंचाळत आत धावल्या. आणि त्यांचाच खांदा धरून मारोतराव बाहेर ओसरीत आले. सगळे त्या वाकड्या तोंडाकडं पाहत राहिले. मारोतरावांनी एकेक शब्द ओढून काढला.

"तेरवीचा... सयपाक... कोनाकडं हाय?"

उकंडा आधी फुटला. मग अख्खी ओसरी. रडणारी माणसं पोट धरून हसत होती, आणि त्यात कीव कुठंच नव्हती. मारोतरावांनी दोन्ही हात जोडले. "उपकार झाले बाप्पा," ते अडखळत म्हणाले. "हे ऐकाले मिळत नाही कोनाले."

बातमी कळून सुरभी धापा टाकत पोचली. रडवेली झाली होती. "काका, चुकलंच माहं. आत्ता उतरवते थे पोस्टर."

"उतरव," मारोतराव म्हणाले. सुरभीचं तोंड एवढंसं झालं. मारोतराव उजेडात आले, भिंतीला टेकून सरळ उभे राहिले आणि तिच्या हातातल्या मोबाइलकडं बोट दाखवलं.

"थो फोटो जुना हाय, पोरी. आताचा काढ."