तेलाची तूर कोणती?

मंडळी, एका बुरशीची खरी किंमत सांगतो: अंगणात सडवलेली टरफलं, घरभर कुबट वास आणि बायकोचा अबोला.

पालमच्या आमच्या डाळमिलमध्ये तुरीला तेल चोळून उन्हात वाळवतो, मग टरफल सुटतं. परभणीला शिकणारी माझी लेक सुमन, तेच काम बुरशीच्या विकरानं, म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या एन्झाइमनं, होतं का, ते शोधायलीय. कितीतरी बुरश्या वाया गेल्या. आजची शेवटची. ही फसली की तिचं वर्ष गेलं.

नामांतराच्या बंदमुळं एसटी नाही, म्हणून चाचणी घरीच झाली. पडद्याआड तिनं जात्यावर तूर भरडली. एक तेलाची, एक बुरशीची; आधी कोणती, ते सांगितलं नाही.

"अप्पा, सांगा आता, तेलाची कोणती?"

"अगं, तेलाची तूर मी झोपेतबी वळखीन."

पहिलीचा आवाज जरा जड आला, दुसरी टरफल सुटल्यावाणी मोकळी वाजली.

"दुसरी," मी ठणकावून सांगितलं.

सुमन जात्यापाशीच हसत बसली, डोळ्यांत पाणी. तिची आई म्हणाली, "आता तरी ती घाण उचला." माझा जीव भांड्यात पडला.

लेकीसमोर हरून असं हलकं वाटलंय का कधी तुम्हाला?

दुसरी तूर बुरशीची होती.