आधीच दिलेला भोग

मानीबाई माही मोठी वहिनी. घाटंजीच्या अलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथं तिच्याइतकी देवभोळी बाई दुसरी नाही. हे मी तिची नणंद असून सांगते, म्हणजे खरंच समजा. मंगळवारी पाणी बी विचार करून पिते. देवीचा ओटा दुसऱ्या कोणी सारवला, तर ही उकरून पुन्हा सारवते. अन् धाकटी वहिनी बसंती? मंगळवारी अंडे तळते अन् वरून विचारते, वास आला का?

तरी देवीनं दिलं ते बसंतीले!

झालं असं, की मानीबाईची रंजिता अन् बसंतीची प्रेरणा, दोघी पोरी पोलीस भरतीले उतरल्या. दोन्ही वहिन्यांनी एकाच दिवशी देवीपुढं नारळ ठेवला अन् एकच नवस बोलला. पोरगी लागली, तर देवीले भोग चढवू अन् सारा तांडा जेवू घालू. प्रेरणा लागली. रंजिता राह्यली.

माय वं, काय सांगू! तांड्याच्या तोंडाशी प्रेरणाचा बॅनर लागला, हा एवढा, हार घातलेला. मानीबाईले शेतात जायाले तोच रस्ता. येताना डोक्यावरचा पऱ्हाटीचा भारा ती असा तिरपा धरे, की ते तोंड दिसू नये. जाताना भारा नसे, तर पदर ओढे. बसंतीनं पेढे आणून दिले, ते हिनं गाईपुढं टाकले.

"काहून वं वहिनी?"

"गाईले तरी पचतात का पाहते," म्हणे.

जळत होती नुसती, अन् लपवतही नव्हती. "जमना, मी इतके वर्षं उपाशी राह्यली, ते काय उगीच? बसंतीनं एक दिवस पोट मारलं नाही. देवीले काही इमान आहे का नाही? आपण शब्द पाळायचा, अन् तिनं मनाले येईल त्याले द्यायचं?"

"देवीनं तुले शब्द दिलता का?"

"मंग नारळ कायले घेतला?"

मले बी थोडं पटलं. खोटं कायले बोलू, पोरीचा पगार सुरू झाल्यापासून बसंतीचा तोरा मले बी पाहवत नव्हता.

पुढची भरती निघाली अन् मानीबाईच्या डोक्यात भलतंच शिरलं. काम व्हायच्या आधीच नवस फेडायचा! तांड्याच्या नायकानं समजावलं, "मानीबाई, असं कोणी करत नाही. पोरगी लागू दे, मंग दे भोग."

"सारे काम झाल्यावरच देतात. म्हणून तर देवीले घाई नाही. मी आधी देते. खाल्ल्यावर कशी नाही म्हणते, पाहतेच!"

भोगाचा दिवस आला. इंगळावर तूप-गुळाचा चुरमा पडला, धूर निघाला, सगळ्यांनी हात जोडले. ही मात्र कमरेवर हात ठेवून धुराकडं पाहत उभी. देवी आता तावडीत सापडली, असंच तिले वाटत होतं. तांडा जेवला. बसंतीनं तर दोनदा वाढून घेतलं अन् जाताना म्हणाली, "मोठ्या बाई, मस्त झालतं." मानीबाईनं दात करकर खाल्ले ते मले ऐकू आले.

तिथून रंजिताचे हाल सुरू झाले. जो भेटे तो म्हणे, "पोरी, आम्ही जेवलो बरं तुह्या नावानं!" ती मान खाली घालून पहाटे रस्त्यानं धावे. अन् मानीबाई देवीपुढं ठाण मांडून बसे. आमच्यात आईले याडी म्हणतात, देवीलेही तीच हाक. "याडी, खाल्लंस ना? मंग?" रोज हेच.

निकाल लागला. रंजिताचं नाव नव्हतं.

मानीबाई चुलीवरचं तसंच टाकून देवीकडं निघाली, मी तिच्या मागं. "खाऊन मुकरलीस!" ती ओरडली. "बसंतीचं अंडं चालते तुले अन् माहा उपास चालत नाही? काय आहे तिच्यात? सांग ना! दे माहे मंगळवार वापस!" मी तिचा हात धरून ओढत होती, तेवढ्यात रंजिता आली.

"याडी, देवीले नको बोलू. मी धावलीच नाही."

"म्हणजे?"

"यवतमाळले गेलती, पण मैदानात गेली नाही. स्टँडवर बसून राह्यली दिवसभर. मले पोलीस नाही व्हायचं. पुसदले नर्सिंग शिकायचं आहे. पण सारा तांडा माह्या नावानं जेवून बसला, मी सांगू कशी?"

मले वाटलं, आता ही पोरीले पोटाशी धरते, नाही तर एक ठेवून देते. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं विचारलं, "बसंतीले माहीत आहे?"

"आहे. काकीलेच पहिले सांगतलं. पुसदची चौकशी बी तिनंच केली."

मानीबाई ओट्यावर मटकन बसली. "पोरगी माही," म्हणाली, "अन् सांगतलं तिले? मले काहून नाही वं?"

"आलती ना तुह्याकडं. दोनदा आलती," रंजिता म्हणाली. "तू देवीशी भांडून राह्यलती."