पुष्पांजलीबाईंचा घाईतला कॉम्प्युटर

मलकापूरच्या पुष्पांजलीबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. पस्तीसेक वर्षांपूर्वी जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या भावानं, गोविंदानं, परदेशातून एक कॉम्प्युटर आणून दिला होता. जाडजूड कीबोर्ड, त्यातच सगळं यंत्र, आणि वायर टीव्हीला जोडायची. बाईंनी पुस्तक समोर ठेवून त्यावर रांगोळी काढणारा प्रोग्राम स्वतः लिहिला. मात्र यंत्राची चाल बैलगाडीची. एक कमळ पुरं होईतो कुकरच्या शिट्ट्या होऊन भात निवायचा.

या उन्हाळ्यात गोविंदानं त्या जुन्या यंत्राचा वेग वाढवणारं कार्ड मागवून दिलं. बाईंनी लगेच जेवणाच्या टेबलावर झाकण उघडलं. यंत्राचा मेंदू असलेली जुनी चिप गोमेसारखी, दोन्ही बाजूंनी पायच पाय. ती उपसून त्या जागी कार्ड बसवायचं होतं. चिप निघता निघेना. शेवटी चपट्या पेचकसानं ती हळूहळू उचकटली, कार्ड दाबून बसवलं आणि बटण लावलं.

टीव्हीचा पडदा काळा.

कार्ड काढलं, पुन्हा बसवलं. काळाच. चिपेचे पाय बसतात त्या खाचा स्पिरिटनं पुसल्या. आता पडदा हिरवा झाला, पण पुढं काही हलेना.

"अवं, जेवाले कुठं बसू मी?" त्यांचे यजमान रंगराव ताट हातात घेऊन उभे होते.

"ओट्यापाशी उभ्यानं जेवा. मले बोलू नका."

पुढच्या खेपेला कार्ड नीट बसलं आणि यंत्र चालू झालं. बाईंनी कमळ सुरू केलं, तर भराभर पाकळ्या उमटल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते डोळ्यांदेखत झालं. बाई खुर्चीतून उठल्याच. "पाहा, पाहा!" म्हणेपर्यंत चित्र अर्ध्यावर थिजलं. कार्डाला बोट लावलं तर चटका बसला. त्यात झाकणही लागेना, कारण कार्ड चिपेपेक्षा उंच.

मग रोज तेच. दोन रांगोळ्या झाल्या की यंत्र थिजायचं, बाई ते बंद करून निवेपर्यंत चरफडत बसायच्या. बाहेर मे महिना, घरात भट्टी. अखेर त्या वैतागल्या. "नको मले हा वेग. आपली जुनी चालच बरी." कार्ड उपटून त्यांनी जुनी चिप परत बसवायला घेतली. एक पाय वाकडा होता, तो चिमट्यानं सरळ करायला गेल्या आणि टचकन तुटला.

बाई त्या तुटक्या पायाकडं पाहतच राहिल्या. आता मागं जायची वाटच उरली नाही.

डोळे पुसून त्यांनी पुन्हा कार्ड बसवलं. मग पुढच्या खोलीतला कूलर ढकलत आणून त्याचं तोंड उघड्या यंत्राकडं केलं. रंगराव बादली घेऊन आले.

"त्यात पाणी टाकू नका! ओल लागली तं सगळंच जाईन."

"बिनपाण्याचा कूलर? अन् माणसाले गरम नाही होत काय?"

"माणूस बंद नाही पडत."

रंगराव दिवसभर फुगून बसले. पण कोरडं का होईना, वारं फक्त टेबलाजवळच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून बाईंच्या शेजारी आणली. यंत्र न थिजता चाललं, एकामागून एक रांगोळ्या उमटत गेल्या. रंगराव पडद्याकडं वाकले. मग म्हणाले, "ते डावीकडचं पान वाकडं हाय."

"नाही वाकडं."

"हाव, हाय. अन् मधात मोर काऊन नाही काढत?"

"मोर काढाले नवा प्रोग्राम लिहा लागते. तुमाले काय माहीत?"

"मंग लिव्ह ना. आता तं लवकर होते."

बाईंनी कपाळाला हात लावला. मात्र संध्याकाळी चहा घेऊन रंगराव परतले, तेव्हा पडद्यावर मोराची मान होती. "चोच लहान झाली," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले.